ज्याचं कापड त्याची चिंधी

ती. आक्कास,

धाकट्या ढब्बूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द मी आजवर पत्रात नुसता लिहायचो. आडवा पडलो की माझं पोट तेवढं जमिनीला टेकायचं आणि बाकीची अंगं हवेत तरंगायची. आता आठही अंगं एकदम टेकतात. फरशी फार गार लागते, आक्का.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो की भावोजींनी आणलेल्या तेलानं गप्प झाला? भावोजींचा खोकला कसा आहे, आणि ते अजून खोकल्याचा दोष खिडकीला देतात का? मांजरीला पिल्लं झाल्याचं कळलं. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे किती जण, याचा मात्र अलीकडे मला नीट हिशेब लागत नाही, आणि हे लांबलचक पत्र त्याचसाठी आहे.

तुला ठाऊकच आहे, मी डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मग एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं आणि एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. ते घड्याळाकडे पाहणं मला आवडलं नाही. वजन उतरवा, नाहीतर हे हृदय फार दिवस ओझं ओढणार नाही, असं ते म्हणाले, आणि तेही अगदी सौम्यपणे, गिऱ्हाइकाला 'कापड कमी पडतंय हो' असं आपण सांगतो तसं. आपले अण्णा ज्या वयात दुकानात कापायच्या टेबलावर, गळ्यात टेप असताना, दुसऱ्याच्या कोटावर मान टाकून गेले, ते वय मला यंदा लागतंय. आक्का, मला मरायचं नाही. मुलगी अजून माझ्या मांडीवर बसून सुईत दोरा ओवते. मला एवढंच हवं होतं, की ती मोठी होईपर्यंत ती मांडी जागेवर असावी.

म्हणून मी पळायला लागलो. हसू नकोस. (हसलीस. मला इथे ऐकू आलं.) आमच्या शेजारी एक शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर राहतात. शाळा सुटली पण गळ्यातली शिट्टी सुटली नाही, म्हणून सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणतात. ते बायकोलाही शिट्टी वाजवूनच चहा मागतात, आणि ती बाई इतक्या वर्षांत एकदाही जागची हललेली नाही. मास्तरांनी मला आपादमस्तक पाहिलं, पुन्हा पायांपर्यंत गेले आणि म्हणाले, दम हा एका दिवसात येत नाही, तो पाहुण्यासारखा आहे, रोज दार उघडं ठेवलं की मग कधीतरी येतो. हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं.

पळायची जागा म्हणजे कालव्याकाठची वाट. एका बाजूला पाणी, कडेला तारेचा कठडा, दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या गोदामांच्या भिंती, आणि मध्ये दिव्याचे खांब. मास्तरांची रीत अशी, की एका खांबापर्यंत पळायचं, पुढच्या खांबापर्यंत चालायचं. दम वाढला की पळायचा एक खांब वाढवायचा, घाई करायची नाही, आणि मध्ये एखादा दिवस पूर्ण विश्रांती घ्यायची. पहिल्या दिवशी मी पहिल्या खांबाला मिठी मारली ती सोडायलाच तयार नव्हतो. एक कुत्रं भुंकत मागे लागलं होतं, ते माझी अवस्था बघून गप्प झालं आणि शेजारी येऊन बसलं. बदकं पोहत मला मागे टाकून गेली, आणि त्यातलं एक तर पाय न हलवता गेलं. घरी आलो तेव्हा तुझ्या भावजयीनं दार उघडलं, मला भिंतीला टेकवलं आणि विचारलं, अहो, कुणी मारलं?

पण आपण शिंपी, आक्का. शिवण उसवली तरी पुन्हा घालायची, एवढं तरी अण्णांनी शिकवलंच आहे. मी चिकटून राहिलो. मास्तरांचा दुसरा नियम होता, की पळताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं तर समजायचं की वेग जास्त झाला. आता सकाळच्या धुक्यात, एकट्यानं, बोलायचं कुणाशी? मी गिऱ्हाइकांची मापं म्हणायला लागलो. वकिलाची छाती, बेकरीवाल्याची कंबर, दातांच्या डॉक्टरचे खांदे (एक वर, एक खाली, सतत वाकून). छाती, कंबर, सीट, बाही, उंची, अशी एकेकाची जपमाळ ओढत मी खांबामागून खांब मागे टाकू लागलो. दम वाढत गेला. पाहुणा यायला लागला म्हण ना.

आणि वजन उतरायला लागलं. पँट घसरायला लागली. तुला आठवत असेल, अण्णांच्या तपकिरी ठाणातलं शेवटचं कापड मी स्वतःसाठी ठेवलं होतं, त्याचा एक सूट आणि रोजच्या वापराच्या पँटी. त्या पँटी आत घ्यायला मी मशीनवर बसलो. आता शिवणीच्या आत आपण जे जादा कापड ठेवतो, ज्याला आपल्या धंद्यात माया म्हणतात, ती कधी कापायची नसते. माणूस पुन्हा सुटला तर उसवून सैल करता यायला हवं. तू तर लहानपणी माझ्या चड्डीला इतकी माया ठेवायचीस की आतून बाहेरून सारखीच दिसायची. पण मास्तर म्हणाले, परतीची वाट ठेवाल तर परत याल, कापून टाका. मी कात्री घेतली आणि कापली. प्रत्येक वेळी कापली.

आता अण्णांचा नियम तुला माहीतच आहे. ज्याचं कापड त्याची चिंधी. आपल्या दुकानातून कुणाची इवलीशी चिंधीसुद्धा केरात गेली नाही, पुडी बांधून शिवलेल्या कपड्याबरोबर परत. (ते चिंधी परत न्यायला विसरलेल्या गिऱ्हाइकामागे रस्त्यानं धावायचे. आपल्या घराण्यातलं पळणं तेवढंच.) मग माझ्या मायेच्या पट्ट्या मी कुणाला परत करायच्या? तेव्हा मला एक शक्कल सुचली. दुकानाच्या काचेत अण्णांच्या वेळचा पुरुषभर उंचीचा पुतळा आहे ना, उन्हानं ज्याचा चेहरा उडालाय? मास्तरांनी सांगितलंच होतं की आपण आधी कसे होतो ते रोज डोळ्यांपुढे ठेवा. म्हणून मी माझा तो जुना, आता अंगाला तंबू होणारा तपकिरी सूट पुतळ्याला घातला. पुतळे जात्याच सडपातळ, तेव्हा आत कापूस भरून तो माझ्या जुन्या मापाचा केला, खाली माझे जुने बूट ठेवले. आणि दर वेळी पँट आत घेतली की कापलेली माया त्याच्या पोटात कोंबू लागलो. कापड माझं, तोही मीच, तेव्हा चिंधी ज्याची त्याला पोचली, असा माझा चोख हिशेब. त्या दिवशी मी स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की काजवाल्या मावशींना दोनदा सांगितलं. (मावशी म्हणजे दुकानात बसून काज-बटणं करणाऱ्या. दोन्ही वेळा त्यांनी नुसता दोरा दातानं तोडला.)

त्यानंतर पावलं ऐकू यायला लागली. माझ्याच पावलांच्या मागे, जराशी उशिरा, जड. धुक्यात आवाज असे फिरतातच म्हणून मी सोडून दिलं. मग एकदा मी बेकरीवाल्याचं माप म्हणत होतो आणि त्याची बाही काही केल्या आठवेना. तोंड उघडं ठेवून दोन पावलं तसाच पळलो, आणि मागून कुणीतरी धापा टाकत ते माप सांगितलं. बरोबर सांगितलं, आक्का. आणि आवाज ओळखीचा होता. पहिल्या खांबाला मिठी मारून मी ज्या आवाजात 'आई गं' म्हणालो होतो, तोच.

मी मास्तरांना सांगितलं. त्यांना फार आनंद झाला. जोडीदार मिळाला की दम लवकर वाढतो, म्हणाले, फक्त मागे वळून पाहू नका, ताल बिघडतो. मी विचारलं, मास्तर, पण तो आहे कोण? तर म्हणाले, ते काय करायचंय, वेग सारखा आहे ना?

मी मागे पाहिलं नाही. पण दुकान उघडलं की पुतळ्याखालचे बूट ओले असायचे. टाचेला कालव्याकाठचा काळा चिखल, आणि लेसची गाठ मी मारतो तशी, उलटी. मावशी माझ्यावरच चिडल्या, की जुने बूट घालून चिखलात जाता आणि काच मला पुसायला लागते. मग कोटाची बटणं ताणली जायला लागली. मी पट्ट्या तर बोटभर रुंदीच्या भरल्या होत्या, पण कोट पोटावर असा गच्च बसला, जणू कुणी श्वास ओढून धरलाय. मावशींनी बटणं एकदा सरकवली, पुन्हा सरकवली. तिसऱ्यांदा मी पाहिलं तर बटण लावता लावता त्या पुतळ्याला सांगत होत्या, जरा पोट आत घ्या. आणि मला शपथेवर सांगावंसं वाटतं, की त्यानं घेतलं.

तू म्हणशील, उपाशीपोटी पळून डोकं फिरलंय याचं. मलाही तसंच वाटलं असतं, पण घरातही बदल दिसू लागला. आमच्या जिन्याची ती एक पायरी आहे ना, माझ्या पायाखाली हमखास ओरडणारी, ती माझ्यासाठी ओरडेनाशी झाली. माझी खुर्ची करकरेना. मी खोलीत आलो तरी कुणाची मान वर होईना. मुलगी मांडीवर बसली आणि लगेच उतरली, म्हणाली, बाबा, तू टोचतोस. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ती दुकानात काचेत जाऊन पुतळ्याच्या पायाशी बसते आणि तिथे सुईत दोरा ओवते. मी कौतुकानं पाहिलं, मग माझ्या पोटात खड्डा पडला. (पोट उरलेलं नसताना खड्डा कुठे पडतो कोण जाणे, पण पडतो.) आणि परवा संध्याकाळी मी घरी आलो, हातपाय धुतले, पाटावर बसलो, तर तुझी भावजय ताट घासत होती. तिनं वळून पाहिलं, जरा वेळ ओळख पटेना अशी पाहत राहिली आणि म्हणाली, अहो, आत्ताच तर जेवलात. दोनदा वाढून घेतलंत. कित्येक दिवसांनी पोटभर जेवलात म्हणून मला बरं वाटलं. तिच्या चेहऱ्यावर खरंच बरं वाटल्याचं दिसत होतं, म्हणून मी पाटावरून उठलो. खाली जिन्यावर ती पायरी ओरडली.

एक दिवस धीर करून मी पुतळ्याचं पोट उसवायला घेतलं. म्हटलं, चिंध्या काढून घ्याव्यात, संपलं प्रकरण. अस्तर जरासं उसवलं आणि आत हात घातला तर आत ऊब होती, अंथरुणातून नुकतंच कुणी उठलं की राहते तशी. पहिली पट्टी ओढली आणि माझ्याच बरगडीखाली अशी कळ आली की मी खाली बसलो. पट्टी परत आत घातली, टाके घातले. टाके लहान मुलानं घातल्यासारखे पडले. मावशी लांबून बघत होत्या. त्या म्हणाल्या, राहू द्या, तुम्ही दोघंही दमलात.

मग म्हटलं, पळणंच बंद करावं. मास्तरांचा विश्रांतीचा दिवस होता, तो धरून मी दुपारपर्यंत झोपलो. दुकानात गेलो तर काच रिकामी. पाचर मारलेली लाकडी बैठक तेवढी होती. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती अशी. तेवढ्यात मास्तर दारात आले आणि लांबूनच शिट्टी फुंकून म्हणाले, वा, आज काय पळालात, एकही खांब चालला नाहीत! मी काही बोलण्याआधी ते निघूनही गेले. चहाला आत गेलो, बाहेर आलो, तर पुतळा काचेत होता, कपाळावर घाम. (कपाळ म्हणजे जिथे कपाळाचा रंग असायचा तिथे. आता तिथे थोडा रंग परत आलाय. भुवया आल्यात. डावी माझ्यासारखी अर्धी आहे, लहानपणी तुझ्या शेगडीशी जळली तेव्हापासूनची.) म्हणजे मी थांबलो तरी तो पळतो. आणि गंमत बघ, इतका पळून त्याचं वजन रतीभरही उतरत नाही. त्या बाबतीत मात्र तो हुबेहूब मी आहे.

डॉक्टर खूश आहेत. त्यांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मग नळी झटकली आणि पुन्हा लावली. ठोका फार हलका लागतो म्हणाले, कान द्यावा लागतो, पण छान आहे. निघताना त्यांनी माझ्यामागून दार लावून घेतलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली, मी अजून आत उभा असताना.

आक्का, मी थट्टा करतोय खरा, पण मला भीती वाटते. मी मरायचं नाही म्हणून पळायला लागलो आणि आता रोज थोडा थोडा घरातून कमी होतोय. वाऱ्याच्या दिवशी मला कठडा धरून पळावं लागतं. बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार, मांजरीच्या पिल्लांना माझ्यातर्फे एकेक चिमटा. तब्येतीची काळजी घे, आणि जमलं तर जाडच राहा.

तुझा,
ढब्बू

ता. क. — खरं काम लिहायचं राहिलंच. तू ये. जेवढ्या लवकर जमेल तेवढी ये. तू मला लहानपणी कडेवर घेऊन इतकी फिरलीस की तुझी कंबर एका बाजूला झुकली ती झुकलीच, असं आई सांगायची. बायको चुकेल, मुलगी चुकेल, पण तुझी कंबर चुकणार नाही. आम्हा दोघांना एकदा शेजारी शेजारी उभं करायचं आणि तू उचलून बघायचं. गुडघा दुखत असेल तर नुसतं उचलल्यासारखं कर. कोण खरा ते तू सांगशील ते मी मान्य करीन.

ता. क. दुसरं — वरचं लिहून पाकिटाला डिंक लावता लावता लक्षात आलं, की तुझ्या कंबरेला ओळखीचा असेल तो जड असलेला. तरीही ये. निदान मी तुला डोळ्यांनी दिसेन. आता पळून येतो, आज वारा जरा जास्त आहे.

ता. क. तिसरं — आक्का, वरची अक्षरं फिकट दिसतील, तो अलीकडे पेन फार हलकं धरायचा. मी दाबून लिहितो, कागद फाटला तर सांभाळून घे. मी त्याच्या मागेच होतो, नेहमीसारखा. सारखं ओरडून सांगत होतो, अरे थांब, धाप लागली असेल तर पुढच्या खांबापर्यंत चाल. पण त्यानं मास्तरांचं ऐकलं आणि एकदाही वळून पाहिलं नाही. मग वाऱ्याची एक झुळूक आली आणि पुढे कुणी नव्हतंच. कठड्याच्या तारेला एक तपकिरी चिंधी अडकलेली मिळाली, ती घेऊन मी घरी आलो. पायरी ओरडली, आणि तुझ्या भावजयीनं आतूनच विचारलं, आलात का? मी हो म्हणालो. मुलगी मांडीवर झोपली आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय. आता तू येण्याची दगदग करू नकोस. अण्णांचा नियम मी मोडत नाही. हे कापड पहिल्यांदा तुझ्याच कडेवर होतं, म्हणून चिंधी तुला परत पाठवतोय, याच पाकिटात पुडी बांधून ठेवली आहे. पुडी उघडण्याआधी भावोजींना खिडकी लावायला सांग. अजून कोमट आहे, आणि कानाशी धरलीस तर धापा ऐकू येतात. त्याला फक्त जगायचं होतं गं. थोडा वेळ कडेवर घे त्याला. आता तुझ्या कंबरेला झेपेल.